एका चित्रात किती वेळ मावतो?

कॅलेंडरांवर, भेटकार्डांवर आणि आता मोबाइलच्या पडद्यावर एका विशिष्ट प्रकारचे चित्र आपण सर्वांनी पाहिलेले असते. पहाटेची वेळ, आकाशात नुकतेच तांबडे फुटलेले, किनाऱ्यावर काळे खडक आणि त्या खडकांच्या पायाशी दाट, पांढरे धुके. समुद्र ओळखू येत नाही. दिसतो तो दुधाळ काचेसारखा सपाट पृष्ठभाग. लाट नाही, फेस नाही, उडणारे तुषार नाहीत. वर्गात असे चित्र दाखवून 'खडकांभोवती काय आहे?' असे विचारले, तर बहुतेक मुले 'धुके' किंवा 'ढग' असेच उत्तर देतील.

प्रत्यक्षात त्या पहाटे तेथे धुके नव्हते. लाटा नेहमीसारख्या येत होत्या, खडकांवर फुटत होत्या, परत जात होत्या. फरक इतकाच की कॅमेऱ्याची झडप एखाद्या सेकंदाच्या शंभराव्या भागापुरती न उघडता दोन-चार मिनिटे उघडी ठेवली होती. झडप उघडी राहण्याच्या या अवधीला एक्स्पोजरचा काळ म्हणतात.

मग हे चित्र खोटे म्हणायचे का? जे डोळ्यांना कधीच दिसले नाही ते कॅमेऱ्याने कसे दाखवले? आणि जे डोळ्यांसमोर घडत होते ते त्याने का दाखवले नाही? या प्रश्नांची उत्तरे शोधताना छायाचित्रणाचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आपल्या मदतीला येतो. एक्स्पोजरचा लांब काळ ही आरंभी एक अडचण होती. पुढे ती अडचण दूर झाली आणि मग शास्त्रज्ञांनी तिचेच एक उपकरण बनवले. ते कसे, हे पाहू या.

ओस पडलेला रस्ता

कॅमेऱ्याने टिपलेले, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने चित्र फ्रान्समधील निसेफोर न्येप्स याने १८२६-२७ च्या सुमारास घेतले. कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर त्याने डांबरासारख्या एका द्रव्याचा लेप दिला होता. उजेड पडेल तेथे हा लेप घट्ट होई. खिडकीतून दिसणाऱ्या घरांचे हे चित्र उमटायला निदान आठ तास लागले असावेत. काही अभ्यासकांच्या मते तर कित्येक दिवस. या चित्रात एक गंमत आहे. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेले दिसते. सूर्य एकाच वेळी पूर्वेला आणि पश्चिमेला कसा असेल? तो तसा नव्हताच. सकाळचे ऊन आणि दुपारनंतरचे ऊन एकाच पत्र्यावर साठले होते.

पुढे लुई दागेर याने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर आयोडीनची वाफ धरून अधिक जलद पद्धत शोधली. १८३९ मध्ये ती जगजाहीर झाली. त्याआधी, १८३८ मध्ये, त्याने पॅरिसमधील बुलव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचे चित्र घेतले होते. नाट्यगृहांनी गजबजलेला हा रस्ता. माणसे आणि घोडागाड्या यांची सतत वर्दळ. पण चित्रात रस्ता पूर्ण ओस पडलेला आहे! एका कोपऱ्यात तेवढा एक माणूस उभा दिसतो. तो बूट पॉलिश करून घेत होता, म्हणून काही मिनिटे एका जागी थांबला होता. तारायंत्राचा जनक सॅम्युएल मोर्स हा १८३९ च्या मार्चमध्ये दागेरला भेटला, तेव्हा त्याच्याही नजरेत हीच गोष्ट भरली. या माणसाचे पाय स्थिर असल्यामुळे स्पष्ट उमटले होते; डोके आणि धड हलत राहिल्यामुळे पुसट झाले होते. मोर्सने पत्रात हे वर्णन लिहून कळवले.

हे गणिताने तपासता येते. एक्स्पोजर पाच मिनिटांचे, म्हणजे ३०० सेकंदांचे होते असे धरू. रस्त्याने चालणाऱ्या माणसाची रुंदी साधारण अर्धा मीटर आणि वेग सेकंदाला १ मीटर धरला, तर रस्त्यावरचा कोणताही एक बिंदू तो अर्धा सेकंदच झाकतो. म्हणजे त्या बिंदूवरून येणाऱ्या एकूण प्रकाशात माणसाचा वाटा ६०० पैकी १ आणि रस्त्याचा ५९९. इतका बारीक फरक पत्र्यावर उमटणे शक्य नव्हते. शेकडो माणसे त्या दिवशी तेथून गेली असतील. जगाच्या पहिल्या छायाचित्रांपैकी एकात त्यांच्यापैकी कोणीच नाही. राहिला तो फक्त थांबलेला.

सूर्यकिरण स्वतःच चित्र काढतात, तेव्हा त्यात खोटे कुठून येणार, अशी त्या काळी समजूत होती. चित्रात खोटे काही नव्हतेच. पण ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर होते हे समजून घेणे आवश्यक होते. 'या क्षणी रस्त्यावर कोण आहे?' हा तो प्रश्न नव्हता. 'या पाच मिनिटांत येथे सरासरीने काय होते?' हा तो प्रश्न होता.

लाट पकडण्याची धडपड

लोकांना अर्थात क्षणच हवा होता. १८५१ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियन नावाच्या चिकट द्रवाचा थर द्यायचा, तो सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायचा आणि काच ओली असतानाच चित्र घेऊन लगेच धुवायचे, अशी ती रीत होती. सारे काम काही मिनिटांत उरकावे लागे, कारण थर वाळला की काच निकामी. पण मिनिटांचे काम आता सेकंदांवर आले. आर्चरने या शोधाचे पेटंट घेतले नाही. १८५७ मध्ये तो गरिबीतच वारला.

ही विद्या आपल्याकडेही लवकर पोचली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी हे तिच्या सभासदांपैकी एक होते. आपल्या उकाड्यात ओली काच लवकर वाळे, त्यामुळे येथल्या छायाचित्रकाराची घाई अधिकच असे.

आता समुद्रकिनाऱ्याकडे वळू. लाट ही छायाचित्रकाराची कसोटीच होती. वेल्समधील जॉन डिलविन लुएलिन याने १८५४ च्या सुमारास कॅझवेल या खडकाळ उपसागरात फुटत्या लाटा टिपल्या. लाटा, धूर आणि वाफ यांसारख्या हलत्या गोष्टींच्या त्याच्या चित्रांना १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात रौप्यपदक मिळाले. आज आपल्याला लाटेचा फोटो ही काही मोठी गोष्ट वाटत नाही. त्या काळी मात्र थांबलेली लाट पाहणे हा एक नवाच अनुभव होता, कारण डोळ्याने ती कोणी थांबवलेली नव्हती.

फ्रान्समधील ग्युस्ताव्ह ल ग्रे याची समुद्रचित्रे याहूनही गाजली. १८५६ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर आणि १८५७ मध्ये भूमध्य समुद्राकाठी सेत येथे त्याने ती घेतली. त्याच्यापुढे अडचण वेगळी होती. कलोडियनची काच निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असते. समुद्रासाठी पुरेसा वेळ दिला तर आकाश कोरे पांढरे होई, ढग नाहीसे होत. आकाशासाठी वेळ कमी केला तर समुद्र आणि खडक काळेकुट्ट होत. ल ग्रेने यावर उपाय काढला तो असा. समुद्राची एक निगेटिव्ह, आकाशाची दुसरी; कागदावर छापताना दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर जोडायच्या. सेतच्या मोठ्या लाटेचे त्याचे प्रसिद्ध चित्र असेच जोडलेले आहे. एकच आकाश त्याने एकाहून अधिक समुद्रांवर वापरलेलेही आढळते.

म्हणजे न्येप्सच्या चित्रात एका जागेचे कित्येक तास एकत्र आले होते, तर ल ग्रेच्या चित्रात वेगवेगळ्या वेळचे दोन तुकडे शेजारी बसले होते. पहाटे किनाऱ्यावर फोटो घेणाऱ्याला हीच अडचण आजही येते. आकाश उजळलेले असते आणि खडक अजून अंधारात असतात. वरच्या भागात गडद आणि खाली पारदर्शक अशी काच तो भिंगापुढे धरतो, किंवा दोन एक्स्पोजर घेऊन संगणकावर जोडतो. युक्ती ल ग्रेचीच.

डोळा साठवत नाही, काच साठवते

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्लिश डॉक्टराने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि १८७८ पर्यंत ती ओल्या काचेपेक्षा कितीतरी वेगवान झाली. आता सेकंदाच्या छोट्याशा भागात चित्र मिळू लागले. लांब एक्स्पोजरची गरज संपली असे कोणालाही वाटले असते. नेमक्या याच वेळी खगोलशास्त्रज्ञांना तिची किंमत कळली.

ओली काच दहा-पंधरा मिनिटांत वाळून जाई. कोरड्या काचेला ती मर्यादा नव्हती. तासभर झडप उघडी ठेवली तरी चाले. अमेरिकेत हेन्री ड्रेपर याने ३० सप्टेंबर १८८० रोजी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे ५१ मिनिटांच्या एक्स्पोजरचे चित्र घेतले. १८८३ मध्ये लंडनजवळ ईलिंग येथे, घरच्या बागेतील ३६ इंची दुर्बिणीतून, अँड्र्यू कॉमन या हौशी निरीक्षकाने त्याच तेजोमेघाची तासाभरापर्यंतच्या एक्स्पोजरची चित्रे घेतली. त्यांत असे तारे उमटले की जे त्याच दुर्बिणीतून डोळ्याने पाहता दिसत नव्हते!

हे कसे घडले? आपला डोळा सुमारे एक-दशांश सेकंदापुरताच प्रकाश एकत्र करतो. मंद ताऱ्याकडे तासभर टक लावून पाहिले तरी तो पहिल्या क्षणापेक्षा अधिक तेजस्वी दिसत नाही. काच मात्र पहिल्या मिनिटाचा प्रकाश विसरत नाही. त्यात दुसऱ्या मिनिटाचा मिळवते, मग तिसऱ्याचा. थेंबाथेंबाने रांजण भरावा तसे हे आहे. अट एकच की तारा काचेवर एकाच जागी पडत राहिला पाहिजे. म्हणून पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगाने दुर्बीण उलट फिरवणारे घड्याळी यंत्र लागते. किनाऱ्यावरच्या छायाचित्रकाराची जड तिपाई हेच काम करते: कॅमेरा हलला तर खडकही धुके होईल.

बुन्सेन आणि रॉस्को यांनी १८६२ मध्ये नियम मांडला की प्रकाशाची रासायनिक क्रिया ही तीव्रता आणि वेळ यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. प्रकाश निम्मा, तर वेळ दुप्पट. पुढे व्हिएन्नाच्या वेधशाळेत काम करणाऱ्या कार्ल श्वार्झशिल्ट याने १८९९ च्या सुमारास दाखवले की मंद प्रकाशात हा नियम पुरता पडत नाही. त्याच्या काचांसाठी वेळेऐवजी वेळेचा ०.८६ वा घात घ्यावा लागत होता. म्हणजे प्रकाश शंभरपट कमी असेल, तर वेळ शंभरपट वाढवून भागत नाही. सुमारे २११ पट वाढवावा लागतो. लॉगरिदम शिकलेल्या विद्यार्थ्यांनी हा आकडा स्वतः काढून पाहावा. कृष्णविवरांच्या गणितामुळे ज्याचे नाव आपण ऐकतो तोच हा श्वार्झशिल्ट.

आजच्या डिजिटल कॅमेऱ्यातील संवेदकाला ही खोड नाही. तो दुप्पट वेळात दुप्पट विद्युतभार जमवतो. पण त्याची वेगळी खोड आहे. उष्णतेमुळे अंधारातही थोडा भार जमत राहतो आणि चित्रात ठिपके उमटतात. म्हणूनच खगोलशास्त्रज्ञ आपले संवेदक थंड ठेवतात.

पहाटेचे गणित

आता पहाटेच्या किनाऱ्यावरचा हिशेब करू. प्रकाशाची तीव्रता लक्स या एककात मोजतात. निरभ्र दुपारच्या उन्हात ती सुमारे १ लाख लक्स असते. सूर्य उगवण्याच्या क्षणी ती सुमारे ४०० लक्सवर असते. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश असताना, म्हणजे नागरी संधिप्रकाश सुरू होतो तेव्हा, साधारण साडेतीन लक्स. पौर्णिमेच्या चांदण्यात अवघी पाव लक्स.

छायाचित्रकारांचा जुना आडाखा असा: फिल्मचा वेग १०० असेल आणि भिंगाचे छिद्र एफ/१६ वर ठेवले असेल, तर भर उन्हात सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. सूर्योदयाला प्रकाश २५० पट कमी, म्हणून अडीच सेकंद लागतील. संधिप्रकाशाच्या आरंभी तो जवळजवळ ३०,००० पट कमी, म्हणून ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे. पहाटेचा समुद्र चित्रात आपोआप 'शांत' का होतो ते यावरून कळते. छायाचित्रकाराने काही वेगळे योजले नसले, तरी अंधुक प्रकाशच त्याला थांबायला लावतो.

पण येथे एक मेख आहे. आपल्या अक्षांशांवर सूर्य बराच सरळ वर चढतो. महाराष्ट्रात या दोन अवस्थांमध्ये जेमतेम २२ ते २४ मिनिटे जातात आणि तेवढ्यात प्रकाश शंभरपटींहून अधिक वाढतो. सरासरी काढली तर तो दर साडेतीन मिनिटांच्या आसपास दुप्पट होतो. मग पाच मिनिटांचे एक्स्पोजर चालू असतानाच उजेड जवळजवळ तिप्पट होईल आणि चित्र प्रमाणाबाहेर पांढरे पडेल. हिशेब केला तर पाच मिनिटांऐवजी साडेतीन मिनिटेच पुरेशी होतात. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना हे उदाहरण 'आलेखाखालील क्षेत्रफळ' शिकवताना उपयोगी पडेल. झडप उघडल्यापासून मिटेपर्यंतचे क्षेत्रफळ म्हणजेच काचेवर पडलेला एकूण प्रकाश. उत्तरेकडील देशांत सूर्य तिरका चढतो, तेथे ही वाढ सावकाश होते.

कोकणच्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आपला समुद्र पश्चिमेला आहे आणि सूर्य सह्याद्रीमागून येतो. म्हणून पहाटेचा उजेड छायाचित्रकाराच्या पाठीमागून समुद्रावर पडतो आणि डोंगराच्या सावलीमुळे किनाऱ्यावर ऊन उशिरा पोचते.

धुके नव्हे, वारंवारता

विसाव्या शतकात काही छायाचित्रकारांनी लांब एक्स्पोजर जाणूनबुजून निवडले. जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस चित्रपटगृहात संपूर्ण चित्रपट संपेपर्यंत झडप उघडी ठेवली. हजारो दृश्यांची बेरीज होऊन पडदा नुसता पांढरा उमटला. इंग्लिश छायाचित्रकार मायकेल केन्ना पहाटे आणि रात्री काही मिनिटांपासून दहा तासांपर्यंतची एक्स्पोजर घेतो. आपण सुरुवातीला पाहिलेले शांत किनाऱ्याचे चित्र याच परंपरेतले.

आता त्या धुक्याकडे पुन्हा पाहू. समजा, दर १० सेकंदांनी एक लाट येते. खडकाच्या पायथ्याचा एक बिंदू प्रत्येक वेळी ४ सेकंद फेसाखाली असतो. चित्रात तो ४० टक्के पांढरा आणि ६० टक्के खडकाच्या रंगाचा उमटेल. त्याच्या हातभर वरच्या बिंदूपर्यंत तीन लाटांपैकी एकच पोचते आणि तीही सेकंदभर. तेथे पांढरेपणा ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणून धुके तळाशी दाट आणि वर विरळ दिसते. खडकाच्या प्रत्येक उंचीवर पाणी किती वेळा आणि किती वेळ पोचले याचा तो आलेखच आहे. रेघांऐवजी करड्या छटांनी काढलेला.

हे केवळ कल्पनेचे खेळ नाहीत. अमेरिकेतील ऑरेगन राज्य विद्यापीठाच्या रॉब होलमन आणि त्यांचे सहकारी थॉमस लिपमन यांनी १९८० च्या दशकात नेमका याचा उपयोग केला. किनाऱ्याजवळ पाण्याखाली वाळूचे लांबलचक उंचवटे असतात. वादळात किनारा किती खचेल, हे बरेचसे त्यांच्यावर अवलंबून असते. पण फुटत्या लाटांत होडी घालून खोली मोजणे अवघड आणि धोक्याचे. होलमन आणि लिपमन यांनी उंचावरून किनाऱ्याचे सुमारे दहा मिनिटांच्या एक्स्पोजरचे चित्र घेतले. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की लाट फुटते. म्हणून वाळूचा उंचवटा जेथे असेल तेथे पुन्हा पुन्हा फेस होतो. एका क्षणाच्या चित्रात हा फेस इतस्ततः विखुरलेला दिसतो. दहा मिनिटांच्या सरासरीत मात्र पाण्याखालच्या उंचवट्याचा आकार पांढऱ्या पट्ट्याच्या रूपाने स्पष्ट उमटतो. पाण्यात पाऊल न टाकता समुद्रतळाचा नकाशा! त्यांचा याविषयीचा महत्त्वाचा शोधनिबंध १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ऑरेगनमधील याक्विना हेड या खडकाळ टोकावर १९९२ मध्ये असे चित्रण आपोआप करणारे पहिले केंद्र उभे राहिले. ग्रीक पुराणातील शंभर डोळ्यांच्या राक्षसावरून त्याला आर्गस हे नाव दिले गेले.

दागेरच्या रस्त्यावर जी अडचण होती, तीच येथे साधन झाली. रस्त्यावरची माणसे पुसली गेली तशाच एकेक लाटा पुसल्या गेल्या, आणि म्हणूनच खालचे स्थिर रूप वर आले.

सरासरीत काय हरवते?

येथवर लांब एक्स्पोजरची बाजू मांडली. आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, कारण ती जिवाशी संबंधित आहे.

शांत, धुकट किनाऱ्याचे चित्र पाहून तो खडक बसण्याजोगा वाटतो. पण सरासरीने त्या दोन-चार मिनिटांतली सर्वांत मोठी लाट लपवलेली असते आणि नंतर येणारी लाट तर चित्रात नसतेच. खुल्या समुद्रातील लाटांच्या उंचीचे संख्याशास्त्र असे सांगते की एका हजार लाटांतील सर्वांत मोठी लाट सरासरी लाटेच्या सुमारे तिप्पट उंच असू शकते. ८ सेकंदांना एक लाट धरली, तर हजार लाटा यायला सव्वादोन तासही लागत नाहीत. सरासरी लाट १ मीटरची असेल, तर सकाळच्या सहलीच्या वेळातच ३ मीटरची एखादी लाट येणे अगदी स्वाभाविक आहे. त्यात वादळ असावे लागत नाही. खडकावर आदळताना पाणी किती उंच चढेल हे उतारावरही अवलंबून असते, त्यामुळे धोका याहून अधिकही असू शकतो. 'दहा मिनिटे पाहिले, एकही लाट इथवर आली नाही' हे वाक्य सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. सहलीला मुलांना किनाऱ्यावर नेणाऱ्या शिक्षकांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे. ओलसर, शेवाळलेला खडक हा लाटेने दिलेला इशाराच असतो.

आर्गसच्या शास्त्रज्ञांनाही ही उणीव माहीत होती. म्हणून त्याच दहा मिनिटांतून ते एकच चित्र काढत नाहीत. एक चित्र सरासरीचे. दुसरे, प्रत्येक बिंदूवर उजेड किती बदलत राहिला हे दाखवणारे. पुढे आणखी एक प्रकार आला: प्रत्येक बिंदूवर आलेला सर्वाधिक उजेड जपून ठेवणारा. पहिल्यात नेहमीची लाट दिसते. शेवटच्यात क्वचित येणारीही सापडते. परीक्षेच्या निकालात वर्गाची सरासरी, गुणांचा विस्तार आणि टोकाचे गुण हे तिन्ही पाहिल्याशिवाय वर्ग कळत नाही, तसेच हे.

वर्गात करून पाहण्यासारखे

झडपेचा वेळ ठरवता येईल असा कॅमेरा मिळाला तर अंधाऱ्या खोलीत दोरीला छोटा दिवा बांधून लंबक करा आणि त्याचे दहा सेकंदांचे चित्र घ्या. कंस सर्वत्र सारखा उजळ दिसणार नाही. दोन्ही टोकांशी तो अधिक उजळ आणि मध्यावर फिकट दिसेल. का? मुलांनाच विचारा. टोकांशी लंबक मंदावतो, म्हणजे तेथे अधिक वेळ घालवतो. आजच्या बहुतेक मोबाइलमध्ये लांब एक्स्पोजरची सोय असते. तो अनेक छोटी चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढतो. पद्धत आर्गसचीच.

कॅमेरा नसेल तरी अडत नाही. किनाऱ्यावर किंवा धक्क्यावर, पाण्यापासून पुरेसे दूर आणि उंच उभे राहून, पायऱ्या असलेली एखादी जागा निवडा. खालून वर पायऱ्यांना क्रमांक द्या. लागोपाठ ६० लाटांपैकी प्रत्येक लाट कोणत्या पायरीपर्यंत चढली ते वहीत टिपून ठेवा. मग प्रत्येक पायरीपर्यंत किती लाटा पोचल्या याचा स्तंभालेख काढा. खाली उंच आणि वर ठेंगणे होत जाणारे ते स्तंभ म्हणजे खडकाभोवतीचे धुके. हातांनी काढलेले लांब एक्स्पोजर. आता भरती-ओहोटीची अवस्था तीच असताना दुसऱ्या दिवशी आणखी ६० लाटा मोजा. सर्वांत वरच्या पायरीचा आकडा आणि सरासरी यांपैकी काय अधिक बदलले ते मुलांना शोधू द्या.

आणि यापुढे एखादे छायाचित्र वर्गात आले की कोणी घेतले, कुठे घेतले या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लावू या: झडप किती वेळ उघडी होती?